शाळेचा हौद आणि माझे अकरा नियम

पोरांना शिस्त लावावी ती माळशिरसच्या वाघमोडे मास्तरानंच! हे मी म्हणत नाही, माळशिरसचे लोक म्हणायचे. म्हणजे मी त्यांना तसं वारंवार सांगायचो आणि ते मान हलवायचे. सहा वर्षं तिथं शिकवलं, पण माझ्या देखरेखीखाली एकाही पोराचा गुडघा फुटला नाही. फुटले असतील ते माझी पाठ वळल्यावर, त्याची जबाबदारी माझ्यावर येत नाही.

बहात्तरच्या जूनमध्ये मी सोलापूरच्या शाळेत रुजू झालो. शाळेचं नाव सांगत नाही. माझ्यामुळं तिची आधीच पुष्कळ शोभा झालेली आहे. पाचवी ते सातवीचे वर्ग, तीनशे पोरं, मधोमध अंगण आणि अंगणात एक हौद. चांगला पुरुषभर खोल, वरून शहाबादी फरशा टाकून झाकलेला. कोपऱ्यातली एक फरशी काढलेली, तेच त्याचं तोंड. भिंतीला पोरांना प्यायला दोन तोट्या आणि अगदी तळाला धुवायच्या वेळी पाणी सोडायला एक भोक. त्या भोकात गोणपाट गुंडाळलेली लाकडी खुंटी ठोकलेली असायची. तिला सगळे बोळा म्हणत.

ते दुष्काळाचं साल. नळाला पाणी येईल तेव्हा खरं, आणि हौद भरायला आठवड्यातून एकदा, मंगळवारी, टँकर यायचा. तेवढ्यावर तीनशे पोरांनी आठवडा काढायचा. साहजिकच सुट्टीत तोट्यांपाशी ढकलाढकली व्हायची. जानेवारीत एका पोराची हनुवटी दुसऱ्याच्या घागरीवर आपटली आणि तीन टाके पडले. मुख्याध्यापक शंकरप्पा सर शांत माणूस. त्यांनी मला बोलावून विचारलं, की तुम्ही शिस्तीचं फार बोलता, तर मुलांच्या सुरक्षिततेचं काम तुम्हीच घ्याल का? मी ते असं घेतलं, की जणू कलेक्टरची खुर्चीच मिळाली. त्याच संध्याकाळी पितळी शिट्टी विकत आणली आणि रात्रभर बसून अकरा नियम तयार केले.

अकराही नियम पांढऱ्या रंगात फळ्यावर लिहून मी हौदावर टांगले. सगळे सांगत बसत नाही, पण तीन सांगायलाच हवेत, कारण पुढं मला आडवे आले ते तेच. नियम दुसरा : हौदाच्या ओट्यावर चपला काढून चढावे. ओलं असतं, पोरं घसरतात. नियम तिसरा : घरून घागर, कळशी अथवा कोणतेही भांडे आणू नये. नियम सातवा : सुट्टीनंतर एखादे मूल वर्गात न दिसल्यास शिक्षकाने स्वतः त्याच्या घरी जाऊन चौकशी करावी.

शंकरप्पा सरांनी फळा सावकाश वाचला. मग म्हणाले, "वाघमोडे, तो तिसरा जरा बघा. आपल्या सातवीत एक मुलगी आहे, तिचं काय आहे की..."

"सर, नियम म्हणजे नियम," मी म्हणालो. "एकाला सूट दिली की संपलं."

ते "बरं, बघू" म्हणाले आणि आपल्या खोलीत गेले. त्या माणसाला वाक्य पुरं करू दिलं असतं तर ही गोष्ट इथंच संपली असती. माझं आयुष्य असं लोकांची अर्धी वाक्यं ऐकण्यात गेलं आहे.

नियम लागू झाले फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी. मोठ्या सुट्टीत मी व्हरांड्यात शिट्टी तोंडात धरून उभा. तोट्यांपाशी पोरांची अशी सरळ रांग, की मला माझाच हेवा वाटला. तेवढ्यात नजर वर गेली तर हौदाच्या तोंडापाशी एक मुलगी वाकलेली. चपला खाली नीट जोडीनं काढून ठेवलेल्या, हातात दोरी आणि दोरीला कळशी! दुसरा नियम पाळायचा आणि तिसरा मोडायचा, हे काही मला पटेना. मी छाती भरून शिट्टी मारली आणि ओरडलो, "नियम तिसरा!"

मुलगी दचकून मागं सरली, ओट्यावरून उतरली आणि अनवाणीच पळाली. एका शिट्टीत काम झालं म्हणून मी खूश. मी लगेच रांगेकडं वळलो होतो, त्यामुळं तिच्या हातातली दोरी सुटली, कळशी हौदात गेली आणि ती पळाली, यातलं काहीच मला दिसलं नाही.

घंटा झाली. सातवीच्या वर्गात हजेरी घेतली तर जगदेवी नाही. दप्तर जागेवर, बाकावर भूमितीची वही उघडी. जगदेवी म्हणजे वर्गातली सर्वांत हुशार आणि सर्वांत कमी बोलणारी मुलगी. गणित फळ्यावर लिहून होईपर्यंत तिचं उत्तर तयार असायचं. विचारलं तर पोरं म्हणाली, ती हौदावर होती की. मी खिडकीतून बघितलं. ओट्याखाली चपला तशाच जोडीनं ठेवलेल्या.

वर्ग तसाच सोडला. अंगणात गेलो, हौदाच्या तोंडातून आत डोकावलो. आत काळोख. बाजूच्या उन्हाची एक तिरीप खाली गेलेली आणि तिच्या टोकाला तळाशी काहीतरी पितळी चमकतंय. मी दोनदा "जगदेवी" म्हणून हाक मारली आणि दोन्ही वेळा हौदानं माझाच आवाज परत दिला.

तरी मी घाबरलो नाही. म्हणजे घाबरलो, पण नियमानं घाबरलो. सातवा नियम आठवला आणि धावत सुटलो. जगदेवीचं घर शाळेच्या मागच्याच बोळात. तिथं तिची आजी, पार्वतम्मा, चुलीपुढं बसलेली. तुरकाट्या ओल्या असाव्यात, घरभर धूर आणि म्हातारीच्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा. मी चपला दारात काढल्या आणि विचारलं, "आजी, जगदेवी घरी आली का?"

आजीनं पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "हौद."

मी एक पाऊल पुढं सरकलो. "हौद?"

"हौद, हौद," ती म्हणाली आणि बाहेर कुठंतरी हात केला. मग पुन्हा, "हौद्री. नीरिग होग्याळ्री."

आता माझं संस्कृत कच्चं असेल, पण नीर म्हणजे पाणी एवढं मला कळतं. होग्याळ म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, पण त्या शब्दाच्या आवाजातच काहीतरी गळून गेल्यासारखं वाटलं. हौद, पाणी, म्हातारीच्या डोळ्यांत धारा! आणखी काय सांगायला हवं? मी तिला वाकून नमस्कार केला, "धीर धरा आजी, मी आहे" असं म्हणालो आणि तसाच अनवाणी पळालो. मागून ती काहीतरी ओरडत होती. मला वाटलं, आक्रोश करतेय.

शाळेत शिपाई मल्लप्पा झाडाखाली बसून खडूची खोकी मोजत होता. साठीचा माणूस, गुडघे धरलेले. त्याला सांगितलं, की जगदेवी हौदात पडली, तिच्या आजीनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं. तो काठी टाकून उठला आणि अंगातला सदरा काढू लागला. "थांबा मास्तर," तो म्हणाला, "मी उतरतो आत. बगतो."

इथं मी थांबायला हवं होतं. सदरा काढायला किती वेळ लागतो? पण मल्लप्पा म्हातारा, हौद पुरुषभर, तोही बुडाला तर दोन बळी, असं काहीतरी माझ्या डोक्यात आलं. मला पोहता येत नाही. कालव्याच्या काठी वाढलो, पण आईनं पाण्यात पाय घालू दिला नाही. मग मी काय करणार? वाकलो, बाजूला पडलेला दगड उचलला आणि बोळ्यावर दोन घाव घातले.

बोळा तोफेतून सुटल्यासारखा निघाला आणि त्याच्या मागून शाळेचा सगळा आठवडा अंगणात आला. मांडीएवढी धार! मी ती हातानं थोपवायला गेलो तर धारेनं मला बसवलं. मल्लप्पानं काढलेला सदरा त्या भोकात कोंबला, तो गटारापाशी जाऊन निघाला. पाणी फाटकाखालून बोळात गेलं आणि तिथून बातमी पाण्यापेक्षा वेगानं पुढं गेली. दोन मिनिटांत पेठेतल्या सगळ्या बायका अंगणात. घागरी, बादल्या, तेलाचे डबे, एकीच्या हातात तर पोराचं पाळण्यातलं टोपडं. कुणी मराठीत बोलतंय, कुणी कानडीत, विणकरांच्या बायका तेलुगूत, आणि तिन्ही भाषांत माझ्याच आईबापांची चौकशी चाललेली.

पण माझं लक्ष हौदावर. मी सगळ्यांना मागं सारत होतो. धारेच्या अगदी तोंडाशी एक पोर घागर लावून बसली होती, घागर जेमतेम अर्धी भरलेली. मी तोंड न बघताच तिचा दंड धरून तिला बाजूला ओढलं.

"ए पोरी, हो बाजूला," मी म्हणालो, "इथं एक मुलगी बुडालीय!"

पोर निमूट बाजूला झाली. माझ्या शिस्तीचा हा शेवटचा विजय. तिच्या जागी दुसऱ्या बाईनं लगेच हंडा सारला. मी हौदाच्या तोंडातून डोकं आत घालून पाणी खाली जाताना बघत राहिलो. गुडघाभर राहिलं, मग घोटाभर, मग तळ. तळाला एक कळशी, दोन फुटक्या पाट्या, आणि आदल्या शिस्तप्रमुखाची छडी.

मुलगी नाही.

मी डोकं वर काढलं. समोर ती मघाची पोर उभी होती, काखेत अर्धी घागर, आणि माझ्याकडं बघत होती. जगदेवी!

मला इतका आनंद झाला की मी तिला मिठीच मारली असती, पण तिचा चेहरा बघून हात खाली आले. ती हळूच म्हणाली, "सर, पाणी का सोडलं?"

एवढ्यात पार्वतम्मा येऊन पोचली. तिच्या हातात माझ्या चपला. माझ्या मागं "चपला, चपला" म्हणूनच ओरडत होती ती बिचारी. मल्लप्पा उघड्या अंगानं ओट्यावर बसला होता. त्यानं तिच्याशी कानडीत दोन वाक्यं बोलून घेतली आणि मग माझ्याकडं वळला.

"मास्तर, म्हातारी काय म्हणली म्हणून सांगितलं तुमी?"

"हौद म्हणाली. तीनदा म्हणाली."

मल्लप्पानं कपाळाला हात लावला नाही, ओरडला नाही. लहान पोराला सांगावं तसं सांगितलं. "कानडीत हौद म्हंजे व्हय. तुमी इचारलं पोर घरी आली का, ती म्हणली व्हय. तुमी परत इचारलं, ती परत म्हणली व्हय. मग तुमी मास्तर म्हणून मागं री लावलं, मानानं. हौद्री. पोर घरी आली आन् पाण्याला गेली, नळाच्या रांगंत. येवढंच म्हणली की ती."

मी अंगणभर बघितलं. चिखल होता, चिखलात दोन बकऱ्या होत्या, आणि मंगळवार पाच दिवस लांब होता.

शंकरप्पा सर त्यांच्या खोलीच्या दारात उभे होते. मला वाटलं, रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मला आत नेलं, खुर्ची दिली आणि ते त्या दिवशी अर्धं राहिलेलं वाक्य पुरं केलं. जगदेवीला आईबाप नाहीत. सहावीनंतर आजी तिला शाळेतून काढणार होती, कारण घरात पाणी आणायला दुसरं कुणी नाही. तेव्हा सरांनीच तोड काढली. पोरीनं रोज मोठ्या सुट्टीत शाळेतून एक कळशी न्यायची, त्या कळशीवर आजी तिला शाळेत राहू देईल. त्या कळशीवर तिनं वर्षभर अभ्यास केला होता. आणि रविवारी तिची शिष्यवृत्तीची परीक्षा होती. ती मिळाली तर पुढच्या हायस्कूलचा प्रश्न सुटणार होता, नाहीतर सातवीत शाळा संपली.

"आता पाच दिवस ती नळावर," सर म्हणाले. "अभ्यास कधी करणार, की?"

मी म्हणालो, रविवारची काळजी सोडा. पाणी मी पोचवतो, सकाळी आठला तिच्या दारात कळशी हजर! सरांनी माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा "बरं, बघू" म्हणाले. ह्या वेळी मी विचारायला हवं होतं, की नक्की काय बघू.

हौदातून निघालेली तिची कळशी मी माझ्या खोलीवर नेली. मी सात रस्ता चौकाजवळ भाड्यानं राहायचो. घरमालकाच्या पाया पडून, दोन दिवस आंघोळ न करता मी ती शनिवारी रात्रीपर्यंत गळ्यापर्यंत भरली. तोंडाला फडकं बांधलं. रविवारी सकाळी सात वाजता ती सायकलच्या कॅरिअरला दोरीनं आवळली आणि निघालो. पाणी न सांडता न्यायचं म्हणून पाळणा हलवल्यागत सायकल चालवत होतो. सात रस्त्यावर आलो तर समोरून घोडागाडी, बाजूनं ट्रक, आणि मागून कुणीतरी शिट्टी मारली.

शिट्टी वाजली की थांबायचं, हे मी गुरुवारपासून तीनशे पोरांना शिकवत होतो. मी थांबलो. कळशी थांबली नाही. वाहतुकीच्या पोलिसानं ती शिट्टी घोडागाडीसाठी मारली होती, हे मला रस्त्यात बसून पाणी उताराला जाताना बघत असताना कळलं.

परत खोलीवर जाऊन घरमालकाची समजूत घालण्यात दोन तास गेले. शेवटी माझं घड्याळ त्याच्याकडं ठेवलं तेव्हा त्यानं अर्धी कळशी दिली. जगदेवीच्या दारात पोचलो तेव्हा दहा वाजून गेले होते. पार्वतम्मा उंबऱ्यात बसलेली. मला बघून तिनं हात जोडले आणि गल्लीच्या टोकाकडं बोट दाखवलं. नळाला अचानक पाणी आलं होतं. तिनं माझी आठपासून वाट बघितली आणि नऊ वाजता पोरीला रांगेत पाठवलं. म्हातारीचं काय चुकलं?

मी कळशी उंबऱ्यात उतरवली आणि सायकल घेऊन तसाच गेलो. रांगेत जगदेवीच्या पुढं अजून सात जणी. परीक्षेला जायचे कपडे अंगावर, तेल लावून घातलेल्या दोन वेण्या, आणि पायापाशी घागर. मी तिला सायकल देऊन म्हणालो, पळ, साडेदहाची वेळ आहे, मी उभा राहतो इथं. तिनं माझ्याकडं बघितलं, घागर माझ्या हातात दिली आणि दांड्याखालून पाय घालून पँडल मारत निघाली. केंद्र दीड मैल लांब होतं.

मी तासभर त्या रांगेत उभा होतो आणि खरं सांगतो, मजेत उभा होतो. बायका हसत होत्या. एकीनं विचारलंही, हाच का तो हौदवाला मास्तर. मीही हसलो. मला वाटत होतं, केलं ते निस्तरलं. घागर भरली, डोक्यावर घेतली, अर्ध्या वाटेत अंगावर सांडली, पण पार्वतम्माच्या दारात नेऊन ठेवली. माझ्या आयुष्यात मी कुणासाठी रांगेत उभं राहून भरलेलं ते पहिलं पाणी.

जगदेवी केंद्रावर दहा चाळीसला पोचली. दार बंद झालं होतं. पहिला पेपर गणिताचा होता. दुसऱ्याला त्यांनी तिला आत घेतलं, पण एका पेपरवर शिष्यवृत्ती मिळत नाही. हे मला संध्याकाळी शंकरप्पा सरांकडून कळलं.

सोमवारी शाळा भरायच्या आधी मी ओल्या फडक्यानं फळ्यावरचा तिसरा नियम पुसत होतो. तैलरंग तो, पुसला जाईना. मागं पावलं वाजली. जगदेवी होती. माझी सायकल घेऊन आली होती, स्वच्छ पुसून. मी फडकं खाली ठेवलं. माळशिरसपासून पाठ केलेली सगळी भाषणं आठवली आणि एकही उपयोगाचं नव्हतं. मी मनाशी ठरवलं होतं, की तिला म्हणायचं, पुढच्या पाण्याचं मी बघतो, रोज बघतो, तू शाळा सोडायची नाहीस. ते मी म्हणालो. ते उन्हाळाभर मी पाळलंही. शंकरप्पा सर साक्षीला आहेत. पण त्याच्याआधी मला एक विचारायचं होतं, आणि मनातून वाटत होतं, की एवढी गरीब पोर आहे, "नाही सर" म्हणेल, आणि मला थोडं हलकं वाटेल.

"जगदेवी," मी विचारलं, "तुझा गणिताचा पेपर माझ्यामुळं गेला, नाही का?"

एरवी माझ्याशी ती शुद्ध मराठीत बोलायची. त्या दिवशी तिनं सायकल स्टँडवर लावली, मान खाली घातली आणि हळूच म्हणाली,

"हौद्री."

मागं री लावून. मानानं.

ह्या वेळी मी हौदाकडं धावलो नाही.